चाखून सांगितलेले देश

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक वाटी सार प्यायलो. ग्रीस नावाच्या देशाचं. संध्याकाळची वेळ होती. मी दारापुढच्या पायरीवर बसलेलो, ती वर उंबऱ्याजवळ खुर्चीत, गळ्याभोवती पदर गुंडाळून. भाताच्या पेजेत लिंबू पिळायचं, अंडं फेटून घालायचं आणि ते फाटू द्यायचं नाही, असं ते सार. आपण आजारी माणसाला मऊ भात देतो, तसं तिकडं हे देतात म्हणे.

पहिला चमचा माझा. तसा आमचा नेम होता. मी चाखायचं, कसं लागतं ते सांगायचं, मग तिनं घ्यायचं.

"हं, सांगा," ती म्हणाली.

"आधी मऊ लागतंय. कढीगत, पण ताक न्हाय. मग लिंबू येतंय. एकदम न्हाय येत. दार वाजवून येतंय."

"आपलं लिंबू दार वाजवत न्हाय व्हय?"

"आपलं लिंबू दार मोडून येतं."

ती हसली. हसली की तिला ठसका लागायचा. मी पाठीवरनं हात फिरवला. मग तिनं चमचा घेतला, डोळे मिटले, थोडा वेळ तसंच धरलं तोंडात, आणि मान हलवली. "आलं. वाजवूनच आलं." वाटी संपवली आम्ही, निम्म्याहून जास्त मीच. मी वाटी विसळली, तिनं फडक्यानं पुसून फळीवर पालथी घातली आणि म्हणाली, "कडेला तेलकट ऱ्हायलंय. नीट घासत जावा की." एवढंच बोलणं. पहाटे ती गेली.

मी मूळचा मंद्रूपकडचा. सोलापुरात आलो ते मोटारी भरायचं काम शिकायला. पाण्याची मोटार जळाली की उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निशात बुडवायची. हात बसला, दुकान झालं, इथंच राहिलो. शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं हे लिहिणं बोलल्यागत झालं तर तसंच वाचा. मला दुसरं येत नाही.

माझ्या जिभेचं सांगायचं तर तिला दोनच गोष्टी कळायच्या, गरम आणि गार. ताटात पडेल ते खायचं, "बरं झालंय" म्हणायचं आणि दुकान गाठायचं. एकदा तिनं मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. मी भाकरी कुस्करून सगळी आमटी ओरपली आणि म्हणालो, "बरं झालंय." तिनं कपाळावर हात मारला आणि शेजारणीला हाक मारली. शेजारीण तेलुगू, त्यांच्या घरात मागावर टॉवेल विणतात. ती पदराला हात पुसत आली आणि रिकाम्या वाटीकडं बघत राहिली.

"अक्का, ह्यांना जीभ हाय का न्हाय?"

"जीभ कुटली. पंपातलं चामड्याचं वायसर हाय ते. पानी जाऊ देतं, चव अडवतं."

दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या. मीही हसलो, कारण खोटं काहीच नव्हतं त्यात.

आणि तिची जीभ! देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक आपल्यात चाखत नाहीत. तर ही नुसत्या वाफेवरनं मीठ सांगायची. झाकण उचलायची, तोंड वाफेवर धरायची, "कणभर कमी हाय," म्हणायची, आणि नंतर प्रसादाला बसलं की खरंच कणभर कमी असायचं. लग्नाच्या पंगतीत पहिल्या घासाला सांगायची, मसाला कुणी भाजला असंल ते. म्हातारीनं भाजला का सुनेनं. "हे घाईत भाजलंय, खोबरं रडतंय," असं काहीतरी बोलायची. मला आधी ती चेष्टा वाटायची. खोबरं कधी रडतं का? पण एकदा आत जाऊन विचारलं तर निघालं तसंच. वराड दारात आलं म्हणून घाईत भाजलं होतं. त्या दिवसापासनं मी तिच्या जिभेला देवासारखं घाबरून असायचो.

मग तिच्या घशात गाठ निघाली. दवाखान्यात विजेचे शेक दिले. गाठ बसली, पण शेकानं तोंडातलं पाणी आटलं आणि जीभ मेली. नाकही बधिर झालं. डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू, कुणाला येते, कुणाला नाही. पथ्य काही सांगितलं नाही. तोंडातलं पाणी मात्र परत सुटणार नाही, पातळ असेल ते खाऊ द्या म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुखणं तिनं सोसलं. केस गेले, वजन गेलं, आवाज घोगरा झाला, तिनं हूं केलं नाही. पण शेजारणीनं एकदा त्यांच्यातलं आंब्याचं लोणचं आणलं, मोहरीची पूड घातलेलं, तिचं लई आवडीचं. तिनं बोटावर खार घेतला, चाटला, आणि बोट तसंच हवेत धरून बसली.

"नुसती आग हाय," ती म्हणाली. "चव न्हाय. विस्तव चाटल्यागत."

तेवढ्यानं ती रडली. शेजारीण गेल्यावर मला म्हणाली, "मरायचं भ्या न्हाय मला. पण असं मुक्या तोंडानं जायचं? एकदा कळू दे चव. कसली बी. मग खुशाल न्या म्हनावं."

मला फक्त मोटारी दुरुस्त करता येतात.

लेक पुण्याला असते. तिनं आईला करमावं म्हणून मोबाइलमध्ये स्वयंपाकाचे व्हिडिओ लावून दिले होते, देशोदेशीच्या बायांचे. ही आवाज बंद करून बघायची. भाषा कळत नाही तर ओरडा कशाला, म्हणायची. कुठं बर्फात बसून बाई शेवया वळतीय, कुठं जमिनीत खड्डा करून कोकरू पुरतात. बघता बघता एका दुपारी म्हणाली, "घरचं काय बी देऊ नका आता मला."

"का गं? उपाशी मरायचंय का?"

"आमटी तोंडात घेतली की आमटी कशी लागायची ते आठवतंय, आन् लागत न्हाय. मेलेल्याच्या फोटोसंगं बोलल्यागत होतंय. जे जन्मात खाल्लं न्हाय ते आना. त्याची आठवन न्हाय तर दुःख बी न्हाय. आन् आधी तुमी खाऊन मला सांगा, कसं लागतंय ते."

"मी?"

"मग काय शेजारनीच्या नवऱ्याला बोलवू?"

मी कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरनं नूडल्स आणल्या. तिच्यापुढं बसून खाल्ल्या. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मीटर बघावा तसं.

"हं?"

"बरं हाय."

तिनं ताटली सरकवली. "बरं ही चव न्हाय. बरं ही तब्येत हाय. आन् हे चीनचं न्हाय. आपल्याच गड्यानं लाल रंग घालून परतलंय. लांबचं आना म्हटलं की!"

लांबचं कुठं मिळतं याचा मी शोध सुरू केला. मोठ्या हॉटेलात कार्डावर पाच देश लिहिलेले असतात आणि आतनं सगळ्यांना एकच रस्सा येतो. मग कुणीतरी जुळे सोलापुरातल्या एकाचं नाव सांगितलं. करकंबचा गडी. बरीच वर्षं मालवाहू बोटीवर आचारी होता. बोटीवर निरनिराळ्या देशांचे खलाशी, आणि जो तो आपल्या आईच्या हातचं मागणार. तेव्हा यानं सगळ्यांच्या आयांचा स्वयंपाक शिकून घेतला. आता आई-बापाच्या जवळपास राहावं म्हणून परत येऊन चार टेबलांचं हॉटेल टाकलेलं. विकायचा पावभाजी, कारण बाकीचं कुणी मागत नव्हतं.

"काय देऊ आबा?"

"ह्या जिल्ह्यात कुनी खाल्लं नसंल असं काय बी दे."

"पोटाला सोसंल का तुमच्या?"

"माझं सोड. आमच्या मंडळीला पायजे. तिला चव कळत न्हाय."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "चव कळत न्हाय, मग साधा भात द्या की. ह्यो खटाटोप कशाला?"

मी त्याला सगळं सांगितलं. तिची जीभ कशी होती, काय झालं, ती काय म्हणाली. तो ऐकत ऐकत बाकड्यावर बसला. उठताना एवढंच म्हणाला, "उद्या डबा घिऊन या."

पहिल्या डब्यात इथिओपिया आला. नाव त्यानं सांगितलं, मला उच्चारायला दोन दिवस लागले. घरी आणून उघडला. आत वाटणाची डाळ, कोबी-बटाटा, काहीतरी लाल, असे छोटे छोटे ढीग, आणि खाली करड्या रंगाचं ओलसर, मऊ काहीतरी अंथरलेलं. आपण भाकरी मऊ राहावी म्हणून फडक्यात गुंडाळतो. मला वाटलं यानंही ओलं फडकं घातलंय. मी ढीग ताटात काढून घेतले आणि फडकं नळाखाली धुवायला नेलं. चोळलं, पिळलं, तर हातातच लगदा झाला.

"अगं, फडकं कुजकं दिलंय त्यानं!"

"आना हिकडं."

तिनं उरलेला तुकडा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हळूहळू चोळला. डोळे मिटून. मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"जाळी पडलीय ह्याला. आंबवलेलं पीठ हाय. अवो, तुमी भाकरी धुतली."

आणि ती हसायला लागली. ठसका, पाणी, परत हसू. शेजारणीला हाक मारायला सांगितलं मलाच. "बोलवा तिला. तिला सांगा तुमी काय केलं ते. तुमच्याच तोंडानं सांगा." किती महिन्यांनी हसली होती. मी शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, उद्या पापड इस्त्री करा." मग मी आचाऱ्यालाही सांगितलं. त्यानं आतनं बायकोला बोलावलं आणि मला परत पहिल्यापासनं सांगायला लावलं.

तो म्हणाला, तिकडं मोहरीपेक्षा बारीक धान्य असतं, ते दळून दोन-तीन दिवस आंबवतात. "हितं ते मिळत न्हाय, मी ज्वारी घातली. तिकडं बी ज्वारीची करत्यात. ज्वारी मूळची तिकडचीच म्हणत्यात आबा."

मला राग आला. "मंद्रूपच्या मानसाला सांगतो व्हय ज्वारी कुटली हाय ते?"

"म्हणत्यात," तो म्हणाला आणि कांदा चिरायला लागला.

स्कूटरवरनं घरी येताना माझं डोकं त्यातच. माझ्या बापानं शाळू पेरला, त्याच्या बापानं पेरला. आमच्या हाडात ज्वारीच हाय असं आम्ही समजतो. आणि समुद्रापलीकडं कुणी म्हातारा, माझ्याच वयाचा, सारवलेल्या भुईवर बसून तेच समजत असंल. त्याला मी माहीत नाही, मला तो माहीत नाही, आणि दोघं एकाच कणसाचे. सिग्नल सुटला तरी मी उभा होतो. मागच्यानं हॉर्न मारून शिव्या दिल्या. मी एवढं नवल आयुष्यात केलं नव्हतं.

त्यानं ती भाकरी परत करून दिली, आणि तिकडची रीतही सांगितली. एका ताटात सगळे जेवतात, आणि माया असंल त्या माणसाला आपल्या हातानं घास भरवतात. मी तिला ते सांगितलं.

"मग? वाट कुनाची बघताय?"

लग्नात घास भरवला होता, चारचौघांपुढं, त्यानंतर कधीच नाही. मी तुकडा मोडला, डाळीत भिजवून मऊ केला, तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड मिटून घेतलं.

"नाव घ्या आधी."

दार उघडं होतं. शेजारीण अंगणात धुणं वाळत घालत होती. मी या वयात उखाणा घेतला. काय घेतला ते सांगणार नाही. तिनं तोंड उघडलं. चव काही लागली नाही तिला, पण चावत मात्र राहिली.

मला मात्र तिनं सोडलं नाही. कसं लागलं, सांगा. आंबट, मी म्हणालो. कसलं आंबट? आंबट म्हणजे आंबट. "लिंबाचं का चिंचंचं का ताकाचं का कैरीचं? का इटलेल्या दुधाचं? एवढी आंबटं हायती, आन् तुमी एकाच गोनीत भरताय." मी परत घास घेतला. जीभ कुठं लागते, गाल कुठं आवळतात, ते बघायला लागलो. खरं सांगतो, सत्तरी उलटलेल्या माणसाला आपल्याच तोंडात एवढ्या खोल्या आहेत हे तेव्हा कळलं.

सुरुवातीला सगळं मोटारीचंच यायचं तोंडात. जपानचं काळं सोयाबीनचं पाणी चाखलं आणि म्हणालो, "वार्निश." तिनं कपाळावर हात मारला. "वार्निश पिऊन बघितलंय का कवा?" मी म्हणालो वास तसा येतोय. "मग वासाचं सांगू नका, नाक माझं बी मेलंय. जिभेवरचं सांगा." मी परत चाखलं. "खारट. पण मिठाचं खारट येतं आन् जातं. हे बसून ऱ्हातंय. पाव्हना उठंना असं."

"हां," ती म्हणाली. "आता कळलं."

मग एके दिवशी त्यानं समुद्रातलं शेवाळ दिलं. तेही जपानचंच. कागदासारखं वाळवलेलं, काळं, आत भात गुंडाळलेला. मला बघूनच नको वाटलं. एक घास घेतला आणि हातातला दुसरा तसाच खाली ठेवला.

"काय झालं?"

मी परत एकदा चावून बघितलं. मग म्हणालो, "तुला सांगतो. उजनीच्या काठाला मी मोटारी बसवायला जायचो ना, तवा पान्यातनं पाइपाच्या बुडाचा फूटवॉल वर काढायचा. वर्षभर बुडालेला. तो हातात घेतला की एक वास यायचा, चिखलाचा न्हाय, माशाचा न्हाय, पान्याचाच. हिरवा. ती चव हाय ही. तो वास खाल्ल्यागत."

ती खुर्चीत सरळ झाली. "परत सांगा." मी परत सांगितलं. तिनं भाताचा मऊ भाग तोंडात घेतला, शेवाळाचा तुकडा चघळला आणि डोळे मिटून बसली. "बुडाल्यागत वाटतंय," म्हणाली. "चव न्हाय आली. पण तुमी काढला तो फूटवॉल दिसला मला." आणि मग, "तुमाला येतंय की वो बोलायला."

एवढ्या संसारात तिनं माझी अशी तारीफ केली नव्हती. समुद्र मी पाहिलेला नाही. जपानी माणसानं उजनी पाहिलेली नाही. आणि त्याच्या ताटातनं माझ्या तरुणपणचं पाणी वर आलं.

त्यानंतर आम्ही लई देश खाल्ले. ती म्हणायची खाल्ले, मी म्हणायचो मी खाल्ले आणि तू बघितले. थायलंडचं सार, त्यात आपला गवती चहा घालतात. आपण चहात टाकतो आणि ते आमटीत, मग शहाणं कोण? इटलीच्या जाड शेवया. कोरियाचा कोबी, मिरची लावून आंबवलेला, डबा उघडला की शेजारणीच्या अंगणापर्यंत वास जायचा. मेक्सिकोचा काळा रस्सा, आपल्या काळ्या तिखटाचा सख्खा भाऊ; तीळ, शेंगदाणे, सुकी मिरची सगळं भाजून वाटलेलं, आणि वरनं चॉकलेट. मी आचाऱ्याला म्हणालो, हे कुणाला सुचलं? तो म्हणाला, कुण्या बाईलाच सुचलं असंल आबा, बाप्याला कुठलं सुचतंय. कुठल्यातरी देशाचं निळं पडलेलं चीजही दिलं त्यानं. ते मी सांगितलं नाही. बाहेर जाऊन थुंकलो. "ह्या देशाला आपन जायचं न्हाय," एवढं सांगितलं.

दर वेळी ती तोंडात घ्यायची, थांबायची, आणि मान नकारार्थी हलवायची. मी माझं सांगणं सांगत राहायचो. आतनं मला वाटायचं, हे असंच चालणार. चव काही येणार नाही. डॉक्टरनंही तसंच समजून पुढच्याला हाक मारली होती. पण तिच्यापुढं तसं तोंड केलं नाही.

मग आलं फिलिपिन्सचं सार. बोटीवर सगळ्यात जास्त खलाशी त्याच देशाचे, त्यांचा जीव की प्राण ते सार, असं आचारी म्हणाला. दिसायला काहीच नाही. पातळ पाणी, त्यात मुळा, वांगं, टोमॅटो. शेजारीण त्या दिवशी बसलेली होती. तिनं डब्यात डोकावून बघितलं. "हे तर आमचं पुलुसु हाय," ती म्हणाली. "चिंच घातलीय का?"

घातली होती. पण पिकलेली नाही, कच्ची. मी चमचा घेतला.

"सांगा," दोघी म्हणाल्या.

"जिभेवर यायच्या आधी लागतंय," मी म्हणालो. "तोंडात घेतलं न्हाय तोवर कानाखाली आवळतंय. हितं, जबड्याच्या मागं. चिंचंच्या झाडावर चढून आमी गाभुळलेली चिंच खायचो ना, तवा हितंच आवळायचं. एक डोळा आपसुक मिटायचा. दात आंबायचे, आन् तरी बी दुसरी तोडायची. घरी गेल्यावर भाकरी चावायची न्हाय."

"कुटं आवळतंय?" तिनं विचारलं.

"हितं गं." मी तिच्या कानाखाली, शेकानं काळ्या पडलेल्या कातड्यावर, दोन्हीकडं बोटं ठेवली आणि हलकेच दाबली. "हितं."

तिनं हात वर करून ओठाला लावला आणि बोट माझ्यापुढं धरलं. बोट ओलं होतं.

मी मोटारवाला माणूस. बोअर कोरडा पडला म्हणून मोटार वर काढलेली, पाइप शेतात टाकून दिलेले, आणि एके दिवशी केसिंगच्या कडेला ओल दिसावी, तेव्हा शेतकऱ्याचं तोंड कसं होतं ते मी बघितलंय. तो ओरडत नाही. तो हात लावायला भितो. तसं झालं आमचं. शेजारीण "अम्मा, अम्मा" करत उभी राहिली. सार अजून तिच्या तोंडात गेलंच नव्हतं. नुसतं ऐकून पाणी सुटलं होतं, जिथनं डॉक्टर म्हणाले होते सुटणार नाही.

मी चमचा दिला. तिनं घेतलं. किती वेळ गिळलंच नाही.

"आंबट," ती म्हणाली.

"माझ्यासाठी म्हनतीस का खरंच?"

"तुमच्यासाठी मी कवा खोटं बोललेय? मीठ कळत न्हाय. मुळा कळत न्हाय. पर आंबट हाय. चिंचंचं आंबट हाय. कच्च्या." आणि शेजारणीकडं वळून म्हणाली, "बये, तुझ्या पुलुसुपेक्षा चांगलं हाय हे," आणि शेजारीण रडता रडता भांडायला लागली.

मी उठून बाहेर गेलो. रस्त्यावर भाजीचा गाडा चालला होता, कुणाचा तरी टेम्पो मागं घेत होते, सगळं रोजच्यासारखं. मला वाटलं यांना थांबवून सांगावं. काय सांगणार? माझ्या बायकोला आंबट लागलं?

आंबट तेवढंच परत आलं, बाकी काही नाही. गोड आलं नाही, खारट आलं नाही. पण तिला तेवढं पुरलं. आचाऱ्याला निरोप गेला की आंबट देश पाठवत जा. तो हुशार, त्यानं जगातली सगळी आंबटं काढली. कोकराच्या मटणाबरोबर खातात ते दही, कुठल्या फळाची पूड, व्हिनेगरातले कांदे. मी सांगायचो, ती ओळखायची. कधी माझं चुकायचं. "हे लिंबू न्हाय," ती म्हणायची, "तुमी नीट चाखलं न्हाय." मेलेल्या जिभेनं ती माझ्या चांगल्या जिभेच्या चुका काढायची. नवल दुसरं काय असतं?

वजन मात्र उतरत गेलं. गाठ दुसरीकडं निघाली. परत शेक घ्यायचा का, असं दवाखान्यात विचारलं, तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "न्हाय. परत जीभ देनार न्हाय मी." लेकीनं फोनवर समजावलं, रागावली, रडली. हिनं ऐकलं नाही. मीही भर घातली नाही. काय घातली असती? मी बघितलं होतं ते ओलं बोट.

आणि मग ते ग्रीसचं सार, आणि पहाट.

दुपारी सगळं झालं. लेक आली, मंद्रूपची माणसं आली. संध्याकाळी आचारी आला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. मी डबा न्यायला आलो नाही म्हणून तोच घेऊन आला होता. दारातल्या चपलांचा ढीग बघून फाटकापाशीच उभा राहिला. आमची नजरानजर झाली. त्यानं डबा पाठीमागं धरला आणि हात जोडायला एकच हात उरला, तेवढाच कपाळाला लावला. त्यात कुठला देश होता ते मी विचारलं नाही.

आमच्यात मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. नातेवाईक भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. त्या घासाला नावं ठेवायची नसतात, चांगलं म्हणायचं नसतं. मान खाली घालून गिळायचा असतो. माझी मेव्हणी, तिची धाकटी बहीण, पिठलं-भाकरी घेऊन आली होती. रात्री सगळ्यांनी खाल्लं. मी ताट सरकवलं. "दाजी, दोन घास तरी," म्हणाली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो.

सकाळी तिनं परत ताट आणलं. माणसं ओसरीवर बसलेली होती. लेक समोर बसली होती, न जेवल्याबद्दल डोळ्यांनी रागावत. मी भाकरी मोडली. पिठल्यात बुडवली. तोंडात घातली. गिळणार होतो, नेहमीसारखा. पण जीभ थांबली.

"बेसन थोडं कच्चं ऱ्हायलंय," मी म्हणालो. मोठ्यानं.

सगळ्यांनी माना वर केल्या. मेव्हणीचं तोंड उतरलं. "दाजी, आज बी? मी रडत रडत केलंय ते."

"ते बी कळतंय," मी म्हणालो. "हळद आधी घातलीस, मग इसरून परत घातलीस. जिभेच्या कडेला तुरट लागतंय. मिरची पुढं येत न्हाय, मागनं येती, गिळल्यावर. भाकरी थंड झाली तशी गोड झालीय. करपलेल्या ठिपक्याला कडू हाय, पर ते कडू चांगलं हाय, भाजल्यालं."

ओसरीवरचा एक जण म्हणाला, "म्हातारं भ्रमिष्ट झालं." लेकीनं त्याला हातानं गप्प केलं. मेव्हणी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "दाजी, कुनाला सांगताय?"

मी आणखी एक घास मोडून घेतला, कारण लसणाचं सांगायचं राहिलं होतं.